एकशे त्रेपन्न नकार

शाळेतला कारकून नेमकं काय करतो, हे शाळेत दहा वर्षं काढलेल्या माणसालाही सांगता येत नाही. शिक्षक शिकवतात, शिपाई घंटा देतो, मुख्याध्यापक रागावतात. कारकून आठवतो तो फक्त दाखला घ्यायच्या दिवशी. गावात आम्हाला भाऊसाहेब म्हणतात. तलाठ्यालाही भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे नवीन माणूस कधीकधी सातबारा मागायला माझ्याच टेबलाशी येतो.

मी राहतो जळगावात आणि नोकरी करतो धुळ्याच्या बाजूच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कापसाचं गाव आहे, आमच्या शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत, आणि गावातली निम्मी तरणी माणसं सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहेत, एवढं पुरे. तीस वर्षं मोटरसायकलने जाऊन-येऊन करतोय. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत.

कारकुनाचं काम म्हणजे तीन वह्या. जनरल रजिस्टर, ज्यात मूल शाळेत आल्याची नोंद होते आणि जी कधीही नष्ट करत नाहीत. हजेरीपट, जो वर्गशिक्षक भरतात आणि बेरीज आम्ही करतो. आणि जावक वही, म्हणजे शाळेतून बाहेर गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद. बाकी सगळं या तीन वह्यांतून निघतं. वरच्या ऑफिसला दर आठवड्याला काही ना काही तक्ता हवा असतो. मुलं किती, मुली किती, सायकली किती, नळ किती. तक्ता कुठलाही असो, खालची बेरीज पटाशी जुळली पाहिजे. पट म्हणजे शाळेतल्या मुलांची एकूण संख्या. बेरीज जुळली नाही की तक्ता परत येतो. माझा तक्ता तीस वर्षांत एकदाही परत आलेला नाही. हे मी पूर्वी अभिमानाने सांगायचो.

एकदा सोनगीरचा एक गृहस्थ आला होता. त्याच्या मुलाला सैन्यात भरती व्हायचं होतं आणि वय दोन महिन्यांनी जास्त भरत होतं. त्याने शांतपणे विचारलं, "भाऊसाहेब, जन्माच्या महिन्यात तुमच्या एकचा चार होणार नाही का?" मी म्हटलं, "होईल. पण मग उद्या माझा कारकुनाचा कैदी होईल." तो हसला, चहा पिऊन गेला. पुढे पाच वर्षं दिवाळीला फोन करायचा आणि दर वेळी मुद्दाम जन्मतारीख विचारायचा. मी दर वेळी तीच सांगायचो. माझा स्वभाव असा आहे. आता जे सांगणार आहे ते याच स्वभावाने झालं.

करोनाची दुसरी लाट ओसरली तेव्हा शाळा बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं. मधे काही दिवस वरचे वर्ग उघडले आणि पुन्हा मिटले. मग असं ठरलं की ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तिथे आठवीपासून पुढचे वर्ग उघडता येतील. अटी दोन होत्या. गावच्या समितीचा ठराव, जिच्या अध्यक्ष सरपंच, आणि पालकांची लेखी संमती. आमच्या गावात सात आठवड्यांत रुग्ण नव्हता.

आमच्याकडे आठवी ते दहावीचा पट होता दोनशे चौदा. वर्गशिक्षकांनी संमतीपत्र मोबाइलच्या गटावर टाकलं. पालकांनी ते छापून, सही करून शाळेत आणून द्यायचं होतं. गावात झेरॉक्सचं एकच दुकान आणि ते तेव्हा बंद होतं. आठ दिवसांत माझ्याकडे सत्तर कागद आले. एकसष्ट होय, नऊ नाही. एकशे चव्वेचाळीस कागद आलेच नाहीत.

तालुक्याहून आलेल्या तक्त्यात रकाने दोनच होते, संमती आहे आणि संमती नाही. खाली एकूण. मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी तक्ता देण्याची मुदत संपत होती. एकूण दोनशे चौदा यायलाच हवं होतं. न आलेले कागद होयमध्ये धरणं तर शक्यच नव्हतं, कारण लेखी संमती हवी होती. मग उरला एकच रकाना. मी एकशे चव्वेचाळीस त्यात मिळवले आणि लिहिलं: संमती एकसष्ट, संमती नाही एकशे त्रेपन्न. एकूण दोनशे चौदा. सहीसाठी सरांपुढे ठेवलं. आमच्या मुख्याध्यापकांना आम्ही नुसतं सर म्हणतो. सरांनी बेरीज पाहिली आणि सही केली. माझ्या बेरजेवर त्यांचा विश्वास होता.

सोमवारी ग्रामपंचायतीत बैठक झाली. सरपंच बाई आहेत, सगळे त्यांना अक्का म्हणतात. दुसऱ्या लाटेत त्यांचे मोठे दीर गेले होते. त्यांनी माझा तक्ता मोठ्याने वाचला आणि चष्मा काढला.

"एकशे त्रेपन्न घरं नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांच्या मनाविरुद्ध मी शाळा उघडू? उद्या एखाद्या पोराला काही झालं तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

ठराव झाला नाही. मी मागच्या बाकावर जावक वही घेऊन बसलो होतो. अक्का मुलं न म्हणता घरं म्हणाल्या, ती चूक माझ्या लगेच लक्षात आली. आपली चूक लक्षात आली नाही. किंवा खरं सांगायचं तर थोडी आली होती. पण बेरीज बरोबर होती, म्हणून गप्प बसलो.

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या दारात तीस-पस्तीस माणसं उभी होती. बहुतेक बायका. सगळ्यांच्या पुढे कलाबाई. ती दुसऱ्याच्या शेतात निंदणी-वेचणीला जाते. नवरा सुरतेला लूमवर. मुलगी वैशाली, नुकतीच दहावीत गेलेली, वर्गात पहिल्या पाचांत. कलाबाईच्या शेजारी रज्जाकभाई पिंजारी. गावात गाद्या भरायचा धंदा, दोन मुलं आमच्याकडे.

"भाऊसाहेब," कलाबाई आपल्या अहिराणीत म्हणाली, "नही कोन म्हनं, त्या बठ्ठासना नावं वाचा."

"तशी सगळ्यांची नावं वाचता येत नाहीत, कलाबाई. ती ऑफिसची माहिती आहे."

"आमनी माहिती शे ना ती?" ती म्हणाली. "मग आमले सांगाले काय व्हस?"

मी यादी काढली आणि वाचायला लागलो. रजिस्टरमध्ये पालक म्हणून वडिलांचंच नाव असतं, त्यामुळे सगळी पुरुषांची नावं. सतराव्या की अठराव्या नावाला कलाबाईने हात वर केला. तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

"ते सुरतले शेतस. त्यासनी कागद देखा बी नही. मग नही कव्हय म्हनं त्यासनी?"

"कागद आला नाही, म्हणून..."

"म्हनीसन नही?"

रज्जाकभाई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होता. तो हळू आवाजात बोलतो आणि त्याचंच जास्त लागतं. "भाऊसाहेब, माझ्याकडे माणूस गादी टाकून जातो आणि महिनाभर येत नाही. मी असं नाही लिहीत की याला गादी नको. मी लिहितो, आला नाही."

मागे कोणीतरी हसलं. मी नाही हसलो.

मग सगळ्यांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. सव्वा वर्षाचं साठलेलं होतं ते. बाजार भरस, लगन लागतस, मग शाळाले काय व्हयेल शे? एका घरात एक मोबाइल, तो बाप शेतात घेऊन जातो, पोरगं काय शिकणार? एकीचा मुलगा आठवीत आला होता आणि त्याला सातवीची पुस्तकं उघडलेलीच आठवत नव्हती. मी सगळं ऐकत होतो, पण खरी गोष्ट कलाबाईने शेवटी सांगितली, बाकीचे पांगल्यावर.

वैशालीची मावशी सुरतेला साड्यांवर टिकल्या-खडे लावायचं काम घेते. घरबसल्या काम, मुलींच्या हाताला वेग असतो. ती राखीच्या आधी गावाला येणार होती आणि वैशालीला घेऊन जाणार होती. घरात नुसतं बसून काय करते, हा मावशीचा मुद्दा. "शाळा उघडनी ते मी सांगसू, पोर नही येस," कलाबाई म्हणाली. "बंद ऱ्हायनी ते मी काय सांगू?"

मी अशा मुली तीस वर्षांत पाहिल्या आहेत. सुरतेला गेलेल्या मुलीचा दाखला मागायला वर्षभराने कोणीतरी येतं. तोही बँकेत खातं उघडायला लागतो म्हणून.

त्या दुपारी मी सरांना सांगितलं की तक्ता चुकला आहे. सर म्हणाले, "गेलेला तक्ता बदलता येत नाही. तालुक्याला काय सांगणार?" मी तालुक्याच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बेरीज चुकली का?" मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे. "मग काय चुकलं?" मी सांगितलं. त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नवीन ठराव आला तर नवीन तक्ता घेऊ."

संध्याकाळी मी अक्कांकडे गेलो. त्या ओसरीवर शेंगा निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा निवडणं थांबवलं नाही.

"भाऊसाहेब, माझ्या घरातलं माणूस गेलं आहे. पण मी नाही म्हटलं ते घाबरते म्हणून नव्हे. लोक नाही म्हणतात असं तुम्ही लिहून दिलं म्हणून म्हटलं."

"चूक माझी आहे, अक्का."

"मग मला खरा कागद आणा. प्रत्येक घराचा. तीन दिवस आधी नोटीस काढावी लागते. मंगळवारपर्यंत आणला तर त्यानंतरच्या सोमवारी बैठक लावते."

एकशे चव्वेचाळीस मुलं, एकशे अठरा घरं, हातात पाच दिवस. शाळेच्या छपाईयंत्रात शाई होती, कागदाची दोन रिमं मी जळगावहून आणली. शुक्रवारी सकाळी सातला निघालो. सोबत रज्जाकभाई, कारण त्याला प्रत्येक घर माहीत. आणि कलाबाई, कारण मी दारात उभा राहिलो की बायका आत जायच्या आणि कलाबाई उभी राहिली की बाहेर यायच्या. पाच दिवसांची मजुरी तिने सोडली. मी म्हटलं, तुझा खाडा होतो. ती म्हणाली, "मनाच फायदा शे. तुमना काय फायदा शे ते सांगा." मी कागदांचा गठ्ठा उचलला.

रज्जाकभाईचं गावाचं ज्ञान माझ्या रजिस्टरपेक्षा पक्कं निघालं. एका घरी मी म्हटलं, इथे दोन मुलं. तो म्हणाला, "तीन. गाद्या पाच शेतस या घरमा." तिसरा मुलगा मामाकडून परत आला होता आणि आमच्याकडे नाव घालायचं राहिलं होतं. दुसऱ्या एका घरी म्हातारी म्हणाली, घरात कोणी नाही. तो बाहेरूनच म्हणाला, "नानी, परवा दोन गाद्या भरीसन नेल्यात ना तुम्ही?" म्हातारी हसली आणि सून बाहेर आली.

पहिल्याच दिवशी अडचण आली ती सहीची. फॉर्मवर पालकाची सही. पालक म्हणजे रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तो, असं मी धरून चाललो होतो. चाळीसेक घरांतले वडील सुरतेला. मी म्हटलं, फोनवर विचारून नोंद करू. कलाबाईच्याच नवऱ्याला पहिला फोन लावला. मागे लूमचा इतका आवाज की मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, तिलेच इचारा. घरमा ती शे."

मी फोन ठेवला. कलाबाई अंगठ्याला शाई लावून तयार होती. त्या दिवसापासून मूल ज्याच्या हातचं जेवतं त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि शेजारी नातं लिहायचं असं मी ठरवलं. आई, आजी, काकू. एका घरी आजोबा. नियमात हे कुठे बसतं, ते मी नंतर बघणार होतो.

नाही म्हणणारीही घरं होती. एका घरात दोन महिन्यांपूर्वी तरुण मुलगा गेला होता. त्याच्या आईने धाकट्याला पाठवायला नकार दिला, फॉर्मवर सही केली आणि आम्हाला पाणी दिलं. आम्ही तिला काही समजावलं नाही. कलाबाई थोडा वेळ तिच्याजवळ बसली, आम्ही दोघं बाहेर थांबलो.

मंगळवारी संध्याकाळी तक्ता तयार झाला. मी पट्टी घेऊन पेनाने तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, भेट झाली नाही. संमती एकशे सत्त्याऐंशी, संमती नाही सोळा, भेट झाली नाही अकरा. एकूण दोनशे चौदा. खाली लिहिलं की पूर्वीच्या तक्त्यात न आलेले फॉर्म नकारात धरले गेले, ही चूक लिपिकाची आहे, आणि माझी सही केली. सर म्हणाले, "हे लिहायची गरज होती का?" मी म्हटलं, जावक वहीत पहिला तक्ता आहे, तो तसाच राहणार आहे. त्याच्या बाजूला हाही राहू द्या.

सोमवारी बैठकीत अक्कांनी नवा तक्ता वाचला. मग मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहून तेच सगळ्यांसमोर बोललो. एक सदस्य म्हणाला, "म्हणजे इतके दिवस एका माणसाच्या हिशोबामुळे शाळा बंद?" मी हो म्हटलं. ठराव एकमताने झाला.

पण ठराव झाला म्हणजे शाळा उघडत नाही. शिक्षकांच्या तपासण्या, अहवाल, वर्गात फवारणी, एका बाकावर एक मूल म्हणून दोन सत्रांची विभागणी. त्यात आठवडा गेला. पुढच्या सोमवारी शाळा उघडली. सकाळच्या सत्राला मी फाटकाजवळ तापमापक आणि यादी घेऊन उभा होतो; हजेरीपट तेव्हा या यादीवरूनच भरायचा होता. मुलं इतकी उंच झाली होती की काहींना ओळखायला नाव विचारावं लागलं.

वैशाली आली नाही. पावणेआठला कलाबाई आली, एकटी.

मावशी शनिवारी येऊन तिला घेऊन गेली होती. कलाबाईने सांगून पाहिलं की सोमवारी उघडते आहे. मावशी म्हणाली, मागच्या वेळीही उघडणार होती.

"मी जास तिले आनाले," कलाबाई म्हणाली. "निंदणीना आठवडा भरस आनि जास. तवलोंग तिनी हजेरी मांडी द्या."

"नाही मांडता येत, कलाबाई. जी हजर नाही तिची हजेरी..."

"मग रिकामं ठेवा." ती माझ्याकडे बघत राहिली. "पन तुम्हले रिकामं ठेवता येस नही."

मी त्या दिवशी वैशालीच्या नावासमोर अ, म्हणजे अनुपस्थित, लिहिला. दुसऱ्या दिवशीही. नियम तोच होता आणि तो मला बदलता आला नाही.

कलाबाई पुढच्या सोमवारी खासगी बसने सुरतेला गेली. पॅसेंजर गाडी तेव्हा बंद होती. मावशीने हातातलं काम संपेपर्यंत मुलीला सोडलं नाही. म्हणून कलाबाईही तिथे दोन दिवस टिकल्या लावत बसली, काम लवकर संपावं म्हणून. शनिवारी सकाळी दोघी फाटकाशी उभ्या होत्या. वैशालीच्या बोटांना डिंकाचे पापुद्रे होते. मी तापमान घेतलं आणि तिच्या नावासमोर हजेरी मांडली. मागे अकरा अ होते.

पुढच्या वर्षी ती दहावी झाली, चांगल्या गुणांनी. दाखला न्यायला एकटीच आली. जळगावला विज्ञान शाखेत नाव घालायचं होतं. दाखला लिहिताना मी हजेरीपट काढला होता. त्याची गरज नव्हती, पण मला तिला सांगायचं होतं. सगळं सांगितलं. पहिला तक्ता, दोन रकाने, एकशे त्रेपन्न. म्हटलं, हे अकरा दिवस तुझ्या नावावर आहेत, पण ते माझ्यामुळे.

तिने रकान्यांवरून बोट फिरवलं. "अकरा नाही, भाऊसाहेब," ती म्हणाली. "तेवीस."

"तेवीस कसे?"

"तुम्ही शाळा उघडली तिथून मोजता. पहिल्या बैठकीलाच ठराव झाला असता तर शाळा दोन आठवडे आधी उघडली असती. बारा दिवस. ते धरले नाहीत तुम्ही." मग थांबून म्हणाली, "आणि ते बारा माझे एकटीचे नाहीत."

तिने वहीवर सही केली, दाखला घडी न घालता फाइलीत ठेवला आणि जळगावची बस पकडायला गेली.

मी खिडकी लावून घेतली आणि कागद घेतला. नाही म्हणणारे सोळा सोडले, न भेटलेले अकरा सोडले. उरले एकशे सत्त्याऐंशी. गुणिले बारा. त्यात वैशालीचे अकरा मिळवले. दोन हजार दोनशे पंचावन्न दिवस. हा गुणाकार मी वर्षभर केला नव्हता. त्या दिवशी दोनदा करून पाहिला. बरोबर आहे.